मागवलं कुणी?

अमेरिकेत बोस्टनजवळ अ‍ॅक्टन नावाचं एक टुमदार गाव आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये तिथल्या एका जोडप्याच्या दारात अ‍ॅमेझॉनची खोकी येऊ लागली. पहिल्या खेपेला प्लॅस्टिकचा छोटा पंखा आणि फोनचा चार्जर निघाला. नवऱ्याला वाटलं बायकोनं मागवलं, बायकोला वाटलं नवऱ्यानं. दोघांपैकी कुणीच मागवलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात आणखी एक खोकं आलं, मग आणखी एक. हवेत ओलावा सोडणारं यंत्र, विजेरी, ब्लूटूथ स्पीकर, कॉम्प्युटरची धूळ ओढणारा इवलासा व्हॅक्युम क्लीनर, तंबूत लावायचा एलईडी दिवा. सगळं हलकं, सगळं स्वस्त, बहुतेक सगळं यूएसबीच्या वायरवर चालणारं. खोक्यावर त्यांचं नाव आणि पत्ता बिनचूक. पाठवणाऱ्याचं नाव नाही, चिठ्ठी नाही, बिल नाही.

त्यांनी कंपनीला फोन केला. पैसे गिफ्ट कार्डानं भरले आहेत आणि त्या कार्डामागे कुणाचंही नाव नाही, एवढंच कळलं. खोकी येतच राहिली. फेब्रुवारी २०१८ मध्ये 'बोस्टन ग्लोब'नं ही हकीकत छापली तोवर आकडा पंचविसाच्या आसपास गेला होता. त्या दोघांची मागणी एकच होती: हे थांबवा.

फुकट वस्तू मिळतात तर तक्रार कसली, असा प्रश्न ऐकणाऱ्याच्या मनात हमखास येतो. पण ज्याच्या दारात खोकं येतं त्याला तो प्रश्न सुचत नाही. त्याला वेगळंच काही सुचतं. माझं नाव आणि पत्ता कुणाकडे आहे? आणखी काय आहे त्याच्याकडे? बँकेचं खातं? मुलांच्या शाळेची वेळ? आज पंखा आला, उद्या काय येईल? घराचा उंबरठा ही माणसाला स्वतःच्या ताब्यात वाटणारी शेवटची जागा असते, आणि तीवर कुणी अनोळखी माणूस रोज काहीतरी ठेवून जातो. वस्तू किती किमतीची आहे याला तिथे अर्थच उरत नाही.

ही भीती खुळी नाही. ओडिशातल्या पाटणागढ गावात फेब्रुवारी २०१८ मध्ये, लग्नाला आठवडाही झालेला नसताना, एका घरी कुरियरनं आहेराचं पार्सल आलं. रायपूरहून पाठवलेलं. नवऱ्या मुलानं स्वयंपाकघरात ते उघडलं आणि स्फोट झाला. तो आणि घरातली म्हातारी आजी दगावली, नवी नवरी जबर जखमी झाली. पाठवणारा त्याच्या आईच्या कॉलेजातला प्राध्यापक निघाला. प्राचार्यपद आपल्याकडून जाऊन तिला मिळालं याचा त्याच्या मनात राग होता. २०२५ मध्ये त्याला जन्मठेप झाली. असा प्रकार लाखांत एखादा. पण दारातलं निनावी पार्सल त्या लाखांतलं आहे की उरलेल्यांतलं, हे ते उघडेपर्यंत कळत नाही.

अ‍ॅक्टनच्या जोडप्याचं कोडं मात्र सुटलं. अ‍ॅमेझॉनमध्ये पूर्वी काम केलेल्या जाणकारांनी ते उलगडून सांगितलं. या धंद्याला 'ब्रशिंग' म्हणतात.

समजा, एका विक्रेत्यानं एलईडीचा दिवा बाजारात आणला. वेबसाइटवर तसेच हजारो दिवे आधीपासून आहेत. ज्याची विक्री जास्त आणि ज्याच्याखाली चांगले अभिप्राय जास्त, तो यादीत वर दिसतो. खाली गेलेला दिवा कुणाला दिसतच नाही. कंपन्यांनी खोट्या अभिप्रायांवर उपाय म्हणून खरोखर खरेदी केलेल्याच्या अभिप्रायाला खास खूण द्यायला सुरुवात केली. मग विक्रेत्यानं स्वतःच गिऱ्हाईक व्हायचं ठरवलं. एक ई-मेल उघडायचा, खोट्या नावानं खातं काढायचं, गिफ्ट कार्डानं आपलाच दिवा आपल्याकडून विकत घ्यायचा. कंपनीचं कमिशन वजा जाता पैसे पुन्हा आपल्याच खिशात. एकच अडचण उरते. माल पोचल्याची नोंद लागते, आणि तिच्यासाठी खरा पत्ता लागतो. तो कुठल्यातरी फुटलेल्या यादीतून उचलायचा. माल पोचला की त्या खोट्या खात्यावरून पाच तारे द्यायचे, दोन ओळी कौतुकाच्या लिहायच्या.

म्हणजे अ‍ॅक्टनच्या त्या घराशी पाठवणाऱ्याला काहीही घेणंदेणं नव्हतं. त्याला ती माणसं माहीत नव्हती, माहीत करून घ्यायची नव्हती. त्याला फक्त एक दार हवं होतं, जिथे खोकं पोचल्याची नोंद होईल. मला या सगळ्या प्रकारात सर्वांत जास्त खटकतं ते हेच.

चीनमध्ये हा उद्योग फार आधीपासून फोफावला. तिथे त्याला 'शुआदान' म्हणतात. खोट्या ऑर्डरी नोंदवणाऱ्या माणसांच्या फौजा उभ्या राहिल्या, रिकामी पाकिटं पाठवणारे दलाल उभे राहिले, आणि पाकीटही न पाठवता नुसता कुरियरचा ट्रॅकिंग नंबर विकणारेही आले. २०१७ मध्ये हांगचौच्या न्यायालयानं अशी टोळी चालवणाऱ्याला तुरुंगात धाडलं. १ जानेवारी २०१९ पासून लागू झालेल्या तिथल्या ई-कॉमर्स कायद्यानं खोटे व्यवहार रचायला स्पष्ट बंदी घातली.

पण चीनमधून अमेरिकेत सात समुद्रांपलीकडे पार्सल पाठवणं परवडतं कसं? त्याचं उत्तर टपालाच्या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेत आहे. १८७४ मध्ये बर्नला झालेल्या करारातून जागतिक टपाल संघटना जन्मली. एका देशातलं टपाल दुसऱ्या देशात वाटायचं तर वाटणाऱ्या देशाला किती पैसे द्यायचे, याचे दर ती संघटना ठरवते. विकसनशील देशांना सवलतीचा दर असे आणि चीनही त्या सवलतीत होता. त्यात २०११ च्या सुमारास अमेरिका आणि चीनच्या टपाल खात्यांनी छोट्या पाकिटांसाठी आपसात स्वस्त सेवा सुरू केली. परिणाम असा की, चीनमधून अमेरिकेत पाठवलेलं हलकं पाकीट अमेरिकेतल्या अमेरिकेत पाठवलेल्या पाकिटापेक्षा स्वस्त पडू लागलं. २०१८ मध्ये अमेरिकेनं संघटना सोडायची धमकी दिली. सप्टेंबर २०१९ मध्ये जिनिव्हात खास अधिवेशन भरलं आणि २०२० च्या जुलैपासून अमेरिकेला आपले दर आपण ठरवायची मुभा मिळाली.

आणि नेमक्या त्याच जुलैत अमेरिकेच्या टपालपेट्यांमधून बिया निघू लागल्या.

करोनाचा पहिला उन्हाळा होता. माणसं घरात कोंडलेली. पांढऱ्या-पिवळ्या प्लॅस्टिकच्या पाकिटांवर चिनी टपालाचं लेबल आणि आतल्या मालाचं वर्णन 'अंगठी', 'कानातले', 'ब्रेसलेट' असं. उघडावं तर आत पारदर्शक पुडी आणि पुडीत बिया. पाहता पाहता पन्नासच्या पन्नास राज्यांच्या शेतीखात्यांनी इशारे काढले: पेरू नका, कचऱ्यात टाकू नका, पाकिटासकट आमच्याकडे द्या. आर्कान्सामधल्या बूनव्हिल गावच्या एका माणसानं इशारा निघण्याआधीच पेरून टाकल्या होत्या. भोपळ्याच्या जातीचा वेल तरारून वर आला. नारिंगी फुलं, मोठाली पांढरी फळं. तो खतही घालत होता. बातमी झाल्यावर राज्याच्या शेतीखात्यानं तो वेल उपटून न्यायचं ठरवलं.

अमेरिकेच्या केंद्रीय कृषी खात्यानं हजारो पाकिटं गोळा करून तपासली. पहिल्या यादीत मोहरी, कोबी, पुदिना, रोझमेरी, लॅव्हेंडर, जास्वंद, गुलाब असल्या निरुपद्रवी बिया निघाल्या. पुढे थोडं काळजीचंही सापडलं. गांधीलमाशीच्या कुळातल्या किड्याची एक अळी, बियांत राहणाऱ्या भुंगेऱ्याची एक अळी, आणि तिथे कायद्यानं बंदी असलेल्या दोन वनस्पतींच्या बिया. त्यातली एक आपल्याकडची नाळीची भाजी. दुसरी अमरवेल. आपल्याकडे कुंपणावर, बाभळी-बोरीवर पिवळ्या दोऱ्यांचं जाळं पसरलेलं दिसतं, ती. तिला मूळ नाही, पान नाही. ज्या झाडावर चढते त्याच्यात आपले शोषक घुसवते आणि त्याच्याच रसावर जगते. लसूणघासाच्या शेतात शिरली तर शेतकऱ्याला घास मुळापासून काढावा लागतो. तिचं बी जेमतेम खसखशीपेक्षा मोठं, आणि जमिनीत वर्षानुवर्षं जिवंत राहतं.

बियांची ही धास्ती महाराष्ट्राला कुणी समजावून सांगायला नको. गाजर गवत, ज्याला गावोगाव काँग्रेस गवत म्हणतात, त्याची आपल्या देशातली पहिली ठळक नोंद १९५५ च्या सुमारास पुण्यातली. अमेरिकेतून आलेल्या गव्हातून ते आलं असं सर्वसाधारणपणे मानतात. सत्तर वर्षं झाली. आज रस्त्याची कड, पडीक रान, बांध, शाळेचं मैदान, कुठलीही जागा घ्या, ते तिथे आहे. कुणाच्या अंगावर पुरळ उठतो, कुणाला दमा होतो. तेही कुणी मागवलं नव्हतं. म्हणूनच ऑगस्ट २०२० मध्ये दिल्लीच्या कृषी मंत्रालयानं राज्यांची शेतीखाती, कृषी विद्यापीठं, बियाणे महामंडळं आणि बियाणे कंपन्यांच्या संघटनांना अशा संशयास्पद पाकिटांवर लक्ष ठेवायला सांगितलं, ते योग्यच केलं.

चीनच्या परराष्ट्र मंत्रालयानं लेबलं बनावट असल्याचं सांगितलं आणि पाकिटं तपासाला परत मागितली. अमेरिकेच्या कृषी खात्यानं ब्रशिंगचाच अंदाज बांधला. काहींना जैविक हल्ल्याचा वास आला. सप्टेंबर २०२० मध्ये अ‍ॅमेझॉननं परदेशी विक्रेत्यांना अमेरिकेत बियाणं विकायला बंदी केली. प्रकरण तिथे मिटलं असं सगळ्यांना वाटलं.

मग ख्रिस हीथ नावाच्या पत्रकारानं ते पुन्हा उकरून काढलं. त्याचा दीर्घ लेख जुलै २०२१ मध्ये 'द अटलांटिक'मध्ये आला आणि मला तो या विषयावरचा सर्वांत महत्त्वाचा मजकूर वाटतो. त्यानं साधी गोष्ट केली. ज्यांना बिया आल्या त्यांना एकेक करून गाठलं आणि म्हणाला, तुमच्या जुन्या ऑर्डरी जरा काढून बघा. बघितल्या, तर कित्येकांच्या खात्यात एप्रिलच्या आसपासची बियांची ऑर्डर होती. टाळेबंदीत अमेरिकेत घरोघरी बागकामाचं वेड आलं होतं. तिथल्या बियाणे कंपन्यांना मागणी पुरवता येत नव्हती. लोकांनी ऑनलाइन जिथे मिळाल्या तिथे बिया मागवल्या. विकणारा चीनमधला आहे हे पानावर ठळक लिहिलेलं नव्हतं. टपाल अडकलं, महिने गेले, लोक विसरले. आणि जुलैत पाकीट हातात पडलं तेव्हा त्यावर 'कानातले' लिहिलेलं. शपथेवर सांगणारी माणसं होती की आम्ही काही मागवलं नाही, आणि त्यांच्याच खात्यात पावती होती.

सगळीच पाकिटं अशी होती असं हीथही म्हणत नाही. पण त्याच्या शोधातून एक गोष्ट पक्की कळते. आपण काय मागवलं, कुणाकडून मागवलं, ते कुठून येणार, हे आज मागवणाऱ्यालाही धड माहीत नसतं. दुकानदाराचं तोंड दिसत नाही, देश दिसत नाही. असं असलं की मागवलेलं आणि न मागवलेलं यांतली रेघ पुसट होते, आणि फसवणाऱ्याला नेमकी तीच पुसट जागा हवी असते.

ब्रशिंगमध्ये निदान खोकी लहान असतात. २०२३ मध्ये व्हर्जिनियातल्या प्रिन्स विल्यम काउंटीत एका बाईंच्या घरी शंभरावर पार्सलं येऊन पडली. त्यांत डोक्याला बांधायचे एक हजार दिवे, आठशे ग्लू गन आणि लहान मुलांच्या दुर्बिणी. इतके दिवे कुणी अभिप्रायासाठी पाठवत नाही. कारण निराळं निघालं. परदेशी विक्रेता आपला माल अमेरिकेतल्या अ‍ॅमेझॉनच्या गोदामात ठेवतो आणि जागेचं भाडं भरतो. माल खपला नाही तर भाडं वाढत जातं. माल बाहेर काढायचा तर 'अमुक पत्त्यावर पाठवा' असं सांगावं लागतं. चीनला परत नेणं परवडत नाही. मग अमेरिकेतला कुठलाही एक पत्ता द्यायचा. बाईंच्या घराचं त्यांना न विचारता गोदाम झालं. त्यांनी दिवे, ग्लू गन शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटल्या, वाटून संपेनात.

कॅलिफोर्नियात सॅन होजेच्या बाईंची तऱ्हा याहून वाईट. २०२५ च्या जुलैत तिथल्या टीव्ही वाहिनीनं ती दाखवली. वर्षभराहून जास्त काळ त्यांच्याकडे गाडीच्या सीटची नकली चामड्याची कव्हरं येत होती. एकेक खोकं चांगलं भरभक्कम. ही कव्हरं देशभरच्या गिऱ्हाइकांनी परत केलेली होती. बसत नाहीत, नको आहेत म्हणून. चिनी विक्रेत्याला माल परत घ्यायला अमेरिकेतला पत्ता द्यावा लागतो, त्यानं यांचा दिला. शेकड्यानं खोकी साठली, गाडी लावायची जागा भरून गेली. त्यांची आई ८८ वर्षांची, चालायला अधू. तिला गाडीतून उतरवून घरात न्यायचं तर खोक्यांतून वाट काढावी लागे. कंपनीकडे तक्रारी झाल्या. दर वेळी आता येणार नाहीत असं आश्वासन मिळालं, आणि आलेली खोकी वाटून टाका किंवा दान करा असा सल्ला. टीव्हीवर दिसल्यावर कंपनीची माणसं येऊन ती घेऊन गेली. वाहिनीनं दाखवलं नसतं तर?

पत्ता हे हत्यार होऊ शकतं हे लंडननं दोनशे वर्षांपूर्वी पाहिलं होतं. नोव्हेंबर १८१० मध्ये एके दिवशी तिथल्या बर्नर्स स्ट्रीटवर ५४ नंबरच्या घरी पहाटेपासून धुराडी साफ करणारे आले, मग कोळशाच्या गाड्या, लग्नाचे केक, डॉक्टर, वकील, पियानो, शवपेटी. खुद्द शहराचे लॉर्ड मेयरही आले. घरातल्या बाईंनी यांतलं काही मागवलं नव्हतं. थिओडोर हूक नावाच्या लेखकानं कोणत्याही घराला आठवड्याभरात लंडनभर गाजवून दाखवीन अशी एका गिनीची पैज मारून शेकडो पत्रं धाडली होती, असं पुढे कळलं. तो समोरच्या घराच्या खिडकीतून दिवसभर बघत होता म्हणतात. आजचा पाठवणारा बघतसुद्धा नाही.

आपल्याकडे हे सगळं कुठल्या रूपात आलं आहे? दुपारची वेळ घ्या. घरात आजी एकट्या. बेल वाजते.

"आजी, पार्सल आहे. दादांच्या नावाचं. पाचशे नव्याण्णव द्यायचेत."

"मला काही बोलला नाही तो."

"ऑनलाइन मागवलंय आजी. हे बघा नाव, हा मोबाइल नंबर. बरोबर आहे ना?"

नाव बरोबर असतं, नंबर बरोबर असतो. दादा मीटिंगमध्ये, फोन उचलत नाही. उन्हात उभा असलेला मुलगा घाम पुसतो, पाणी मागतो. आजी आतून पैसे आणतात. संध्याकाळी खोक्यातून निघतं एक पातळ टी-शर्ट किंवा बंद पडलेलं घड्याळ. दादानं काही मागवलेलं नसतं. लेबलावर पाठवणाऱ्याच्या जागी कुठल्याशा गोदामाचा अर्धवट पत्ता. पार्सल आणणाऱ्या पोराचा यात दोष नाही. त्याला दिवसाला इतकी पार्सलं पोचवायची असतात, आत काय आहे हे त्यालाही माहीत नसतं. रक्कम मुद्दामच अशी ठेवलेली असते की माणूस पोलिसांत जाणार नाही.

अमेरिकेत खोकी पाठवणाऱ्या विक्रेत्याला दाराची नोंद हवी असते. इथल्याला आपल्या दारातली रोकड. 'कॅश ऑन डिलिव्हरी'शिवाय आपल्याकडे ऑनलाइन बाजार वाढलाच नसता, आणि हा उद्योग त्याच वाटेनं शिरला. याच्याही पुढची पायरी आहे ती पार्सलच नसलेल्या पार्सलाची. 'तुमच्या नावाचं पार्सल कस्टम्सनं अडवलंय, त्यात अमली पदार्थ सापडलेत' असा फोन येतो, मग व्हिडिओ कॉलवर खोटा पोलीस, मग 'डिजिटल अटक', आणि निवृत्त माणसाची आयुष्यभराची पुंजी काही तासांत गायब. २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांना त्यावर सविस्तर बोलावं लागलं. अमेरिकेत २०२५ च्या जुलैअखेर एफबीआयनं इशारा दिला तो आणखी एका प्रकाराचा: निनावी पार्सल येतं, आत क्यूआर कोड असतो, 'कुणी पाठवलं ते पाहायचं तर स्कॅन करा'. कुतूहलानं स्कॅन केलं की फोनमधली माहिती चोराच्या हातात जाऊ शकते. म्हणून असं पार्सल आलं तर पैसे देऊ नयेत, कोड स्कॅन करू नये, लेबलाचा फोटो काढून ठेवावा, आपल्या खात्यातल्या ऑर्डरी तपासाव्यात, पासवर्ड बदलावा. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५, सायबर फसवणुकीचा १९३०. आजी-आजोबांना हे आधीच सांगून ठेवावं, घडल्यावर त्यांना बोल लावू नये.

आता कायद्याचं. न मागवता आलेली वस्तू कुणाची?

अमेरिकेत १९७० च्या टपाल पुनर्रचना कायद्यानं उत्तर दिलं: ती भेट समजा, ठेवा, वापरा, फेका, पाठवणाऱ्याला बिल धाडायचा अधिकार नाही. ब्रिटननं १९७१ मध्ये तसाच कायदा केला. तोवर तिथे कंपन्या बिनमागणीच्या वस्तू घरी पाठवून नंतर पैशांसाठी तगादा लावत. त्या रोगावर औषध लागू पडलं. पण आजच्या पाठवणाऱ्याला पैसे नकोच आहेत, वस्तूही परत नको आहे. सॅन होजेच्या बाईंना कायद्यानं शेकडो कव्हरं भेट दिली. ती नाकारायचा मार्ग मात्र दिला नाही.

आपला भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याच्या ७० व्या कलमाखाली दिलेलं पहिलंच उदाहरण आहे ते व्यापाऱ्याचं. तो चुकून एखाद्याच्या घरी माल ठेवून जातो. घरवाला तो आपलाच समजून वापरतो. मग त्यानं पैसे दिले पाहिजेत. वाचून धक्का बसतो, आजींच्या दारातला तो पोरगा कायद्यानं बरोबरच ठरेल की काय अशी शंका येते. ती शंका सर्वोच्च न्यायालयानं १९६१ च्या डिसेंबरात, पश्चिम बंगाल सरकार आणि बी. के. मंडल यांच्यातल्या खटल्यात दूर करून ठेवली आहे. निकाल लिहिला न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकरांनी, साताऱ्यात जन्मलेल्या आणि पुढे सरन्यायाधीश झालेल्या. त्यांचं म्हणणं असं: कुणी तुमच्याकडे काही आणून दिलं तर ते नाकारायला किंवा परत करायला तुम्ही मोकळे आहात. ते तुम्ही आपखुशीनं स्वीकारलं आणि त्याचा उपभोग घेतला, तरच पैशांचा प्रश्न येतो. कुणावर काही लादून त्याचे पैसे वसूल करता येत नाहीत.

खटला होता सरकारी गोदामं बांधून दिल्याचा. पण त्यातलं नाकारायच्या हक्काचं बोट नेमकं दुखण्यावर आहे. आजींना नाकारता येतं, पण त्यांना ते माहीत नसतं, आणि नातवाच्या किंवा लेकाच्या नावाचं पार्सल दारातून परत पाठवायला मन धजत नाही. अ‍ॅक्टनमध्ये, सॅन होजेत तर नाकारायला समोर माणूसच नसतो. खोकं दारात ठेवून फोटो काढून तो गेलेला असतो.

आणि एक जुनी गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. आपल्याकडे टपालानं व्ही.पी. सुरू झाली ती १८७७ मध्ये. वस्तू पोस्टमननं द्यायची, पैसे घ्यायचे, ते मनीऑर्डरनं पाठवणाऱ्याला पोचवायचे. पुस्तकं, औषधं, घड्याळं, दिवाळी अंकसुद्धा पिढ्यान्‌पिढ्या असे घरोघर गेले. व्ही.पी.तून फसवणूक होऊ शकते हे इंग्रज सरकारलाही दिसलं होतं. म्हणून १८९८ च्या टपाल कायद्यात दोन तरतुदी केल्या. पाठवणाऱ्यानं ही वस्तू खऱ्याखुऱ्या मागणीवरून पाठवत आहे असं जाहीर केल्याशिवाय व्ही.पी. घेऊ नये, असा नियम करता येईल. आणि फसवणूक निघाली तर वसूल केलेली रक्कम अडवून ज्यानं भरली त्याला परत देता येईल.

म्हणजे मागवलं कुणी, हा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वीचा कायदा पाठवणाऱ्याला विचारत होता. तो कायदा आता इतिहासजमा झाला. १८ जून २०२४ पासून त्याच्या जागी २०२३ चा छोटेखानी टपाल कायदा आला. खासगी कुरियरच्या कॅश ऑन डिलिव्हरीला तर ती जुनी तरतूद कधी लागूच नव्हती. २०२२ च्या नोव्हेंबरात भारतीय मानक संस्थेनं ऑनलाइन अभिप्रायांसाठी मानक आणलं, ते ऐच्छिक आहे. २०२३ च्या नोव्हेंबरात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं वेबसाइटवरच्या तेरा फसव्या युक्त्यांवर बोट ठेवलं, पण त्या सगळ्या पडद्यावरच्या. दारातल्या पार्सलाबद्दल थेट बोलणारं, अमेरिकेच्या १९७० च्या कायद्यासारखं कलम आपल्याकडे अजून नाही. ते हवं, आणि एवढ्यावर थांबणारं नको. रोख रक्कम वसूल करणाऱ्या प्रत्येक कुरियरनं पाठवणाऱ्याकडून मागणीचा पुरावा घेतल्याशिवाय पार्सल उचलू नये. लेबलावर पाठवणाऱ्याचा खरा पत्ता आणि फोन असावा. आणि दारात दिलेले पैसे काही दिवस मध्येच थांबवून ठेवावेत, तक्रार आली तर ते आजींना परत मिळावेत. टाक-दौतीनं कारभार चालत होता तेव्हा हे सुचलं होतं.